घाटाखालची छाया : चाळीसगाव आणि दूरदर्शनचा मनोरा

चाळीसगावातल्या कोणत्याही गच्चीवर चढले की दक्षिणेला डोंगरांची एक सलग भिंत दिसते. ही सातमाळा-अजिंठ्याची रांग. तिच्या अलीकडे खानदेश, पलीकडे मराठवाडा. धुळे-सोलापूर रस्ता याच भिंतीवर कन्नडच्या घाटाने चढतो. जुनी माणसे त्याला अजून औट्रम घाट म्हणतात. गच्चीवर आणखी दोन वस्तू दिसतात. एक, गंजलेल्या पाइपावर अडकवलेला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, जो आता क्वचितच उरला आहे. दुसरी, सरकारी फुकट वाहिन्यांची छत्री, जी जागोजागी आहे. म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे रोखलेला अँटेना सापडलाच, तर त्याचे आणि छत्रीचे तोंड जवळजवळ एकाच बाजूला असल्याचे दिसेल. म्हैसमाळ चाळीसगावच्या आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकून आहे. छत्री ज्या उपग्रहाकडे पाहते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आग्नेयेलाच आहे. फरक आहे तो उंचीच्या कोनाचा. अँटेना क्षितिजाला समांतर आहे, म्हणून त्याच्या नजरेसमोर डोंगर येतो. छत्रीची नजर क्षितिजापासून साठ अंशांच्या जवळपास वर आहे, म्हणून ती डोंगराच्या माथ्यावरून निघून जाते. या दोन कोनांच्या मध्ये खानदेशच्या या टोकाचा दूरचित्रवाणीचा इतिहास मावतो असे आम्हांला वाटते, आणि तो कोठे सलग लिहिलेला आमच्या वाचनात नसल्यामुळे येथे मांडून पाहत आहोत.

प्रथम भूमिती. म्हैसमाळ हे खुलताबादजवळचे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच. औरंगाबादचे (आजच्या छत्रपती संभाजीनगरचे) दूरदर्शन प्रक्षेपण म्हणजे या पठारावरच्या मनोऱ्याचे प्रक्षेपण. सहलीला गेलेल्यांनी तो मनोरा पाहिलेला असतो. तेथून चाळीसगाव सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. शक्तिशाली प्रक्षेपकाच्या हिशेबाने हे अंतर काहीच नाही. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर चित्र स्वच्छ यावे. पण चाळीसगाव साडेतीनशे मीटरच्या जवळपास उंचीवर, कड्याच्या तळाशी बसले आहे. मनोऱ्याच्या टोकापासून गावातल्या गच्चीपर्यंत दोरी ताणली अशी कल्पना केली, तर गावापासून पंधराएक किलोमीटरवर, जेथे घाट आहे, तेथे ती दोरी सहाशे मीटरांच्या आतबाहेर असेल. कन्नड गावच सहाशे मीटरांच्या वर आहे आणि डोंगराचा माथा त्याहून उंच. म्हणजे दोरी डोंगरात शिरते. तंत्रज्ञ अशा गावाला 'छायेतले गाव' म्हणतात.

छायेचे गणित या परिसराला नवे नाही. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, याच रांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. तेथल्या देवीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणि' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे. दिवा किती उंच, त्यापासून शंकू किती दूर, शंकूची उंची बारा अंगुळे, तर छाया किती लांब पडेल, असे त्यातले प्रश्न. दिव्याच्या जागी मनोरा आणि शंकूच्या जागी कन्नडचा घाट ठेवला, की वर मांडलेला प्रश्न तोच होतो. या लेखाची आणखी एक गोष्ट पुढे लागेल, म्हणून येथेच नोंदवतो. वंशावळ, प्रशस्ती, ग्रंथांची नावे हे सारे संस्कृतात आहे, आणि मठाला कोणी काय द्यायचे हा व्यवहाराचा भाग आला की शेवटी भाषा मराठी होते.

आता मनोऱ्याकडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा तीनशे मीटर उंच, पण त्याच्या पूर्वेला सह्याद्री उभा. पुण्याला १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे चित्र मिळाले. मराठी वाङ्मयात आणि नाट्यसृष्टीत ज्याला दूरदर्शनचा सुवर्णकाळ म्हणून आळवले जाते, तो 'गजरा', 'चिमणराव', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांचा काळ प्रत्यक्षात या दोन मनोऱ्यांच्या दिसण्याच्या टप्प्यात राहणाऱ्यांचा काळ होता. 'आपण सगळे चिमणराव पाहत होतो' अशा आशयाची वाक्ये आठवणीपर लेखांत वारंवार येतात. आम्ही पाहत नव्हतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, अवघा मराठवाडा, यांपैकी कोणी पाहत नव्हते. दिलीप प्रभावळकर आमच्याकडे पोहोचले ते वृत्तपत्रातल्या छायाचित्रांतून आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईहून येणाऱ्या मावसभावंडांच्या नकलांतून. सर्वांत चमत्कारिक गोष्ट 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाची. शेतकऱ्यांसाठी मराठीत काढलेला हा कार्यक्रम कापूस-केळीच्या खानदेशात अनेक वर्षे दिसतच नव्हता. तो दिसत होता दादर-परळच्या चाळींत.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्याने भारतात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील २४०० खेड्यांत जाळीच्या छत्र्या लावून थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवण्यात आले. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. या यादीत महाराष्ट्र नव्हता. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहानसा, एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभारला गेला. त्यावर जिल्ह्यातल्या लोकांनी, जिल्ह्याच्या बोलीत, जिल्ह्याच्या प्रश्नांवरचे कार्यक्रम केले: सावकारी, मजुरी, जातीय अन्याय. पीज खानदेशाहून फार दूर नाही. मनोरा मूळचा गावचा असू शकतो, याचा तो देशातला पहिला दाखला होता. त्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगू.

खानदेशात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने आली ती १९८२ नंतरच्या विस्तारात. त्या वर्षी १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात आशियाई खेळ झाले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, आणि १९८४ मध्ये देशभर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले. शंभर वॅटचा प्रक्षेपक, तीसएक मीटरचा खांब, उपग्रहाकडे तोंड केलेली एक मोठी थाळी आणि एक खोली. कलागृह नाही, कॅमेरा नाही. थाळीत जे पडेल ते खांबावरून आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांत शिंपडायचे. घराघरांत संच आले, गच्च्यांवर आणि जुन्या धाब्याच्या घरांवर अँटेना उगवले.

थाळीत काय पडत होते, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारला नाही. थाळीत दिल्ली पडत होती. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. पुढे 'बुनियाद', 'रामायण', 'महाभारत'. आम्ही ते सारे मनापासून पाहिले, आणि त्या मालिकांविषयी आमची तक्रार नाही. पण क्रम पाहावा. मराठी मुलखाच्या या भागात दूरचित्रवाणी प्रथम हिंदीतून आली, मराठीतून नंतर. दिल्लीभोवतालच्या ऐंशी खेड्यांसाठी १९६७ साली सुरू झालेले 'कृषी दर्शन' खानदेशी शेतकऱ्याने पाहिले, आणि मराठीतली 'माती' व 'माणसं' त्याला बऱ्याच उशिरा भेटली. रंगीत दूरचित्रवाणीसाठी हट्ट धरणारे केंद्रीय मंत्री वसंतराव साठे हे विदर्भातले मराठी गृहस्थ होते, ही यातली गंमत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्फत राज्यभरच्या प्रक्षेपकांना मिळू लागले. १९९४ मध्ये स्वतंत्र मराठी वाहिनी झाली आणि २००० साली तिचे नाव 'सह्याद्री' ठेवण्यात आले. ज्या पर्वताने व ज्याच्या फाट्यांनी निम्म्या महाराष्ट्रापर्यंत लहरी पोहोचू दिल्या नाहीत, त्याचेच नाव वाहिनीला मिळाले. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे नसणार.

पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने त्याच काळात दूरदर्शनच्या आशयाचा विचार केला होता. भारतीय दूरचित्रवाणीला स्वतःचे व्यक्तिमत्त्व असावे, ती दिल्लीतून खाली ओतली जाऊ नये, जिल्ह्या-प्रांतांतून कार्यक्रमनिर्मिती व्हावी, असा त्या अहवालाचा रोख होता. यंत्रे वाढली, त्या शिफारशी मात्र मागे पडल्या. पाटणच्या शिलालेखात निदान शेवटच्या ओळी तरी लोकांच्या भाषेत आहेत. खानदेशातल्या प्रक्षेपकांच्या वाट्याला अहिराणीची एक संध्याकाळही नियमाने आली नाही. चाळीसगावच्या बाजारात जी बोली ऐकू येते, तिला बातमी, शेती, आरोग्य यांतले काही सांगता येते असे या यंत्रणेने कधी मानले नाही. जळगावच्या आकाशवाणी केंद्राने ती उणीव काही अंशी भरून काढली. आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण डोंगराला फारसे जुमानत नाही, हेही त्याचे एक कारण.

येथे छायेतल्या चित्राविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. छाया म्हणजे पूर्ण अंधार नव्हे. लहरी कड्याच्या धारेवरून थोड्या वाकतात आणि खाली उतरतात. लहर जितकी लांब तितकी अधिक वाकते. जुन्या दूरदर्शनच्या लहरी बहुतेक ठिकाणी दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब होत्या. त्यामुळे डोंगराआडच्या गावातही उंच पाइप, जादा काड्यांचा अँटेना आणि बूस्टर एवढ्या भांडवलावर काहीतरी दिसे. काय दिसे? मुंग्या दिसत. मुंग्यांच्या मागे माणूस दिसे, कधी त्याच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसे, कारण एक लहर थेट आणि दुसरी एखाद्या सुळक्यावर आपटून येई. एक जण गच्चीवर पाइप फिरवी, दुसरा अंगणात उभा राही, तिसरा घरातून ओरडे, 'आलं, आलं, थांब! गेलं.' वाऱ्याने काड्या हलत, कावळे बसत, पावसाळ्यात पुन्हा सारे पहिल्यापासून. आवाज मात्र चित्र गेल्यावरही बराच वेळ टिके. आमच्या पिढीने अनेक क्रिकेटचे सामने असे ऐकतच पाहिले.

अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, प्रक्षेपणाचा हा स्वभाव होता: ते हळूहळू बिघडे. संकेत निम्मा झाला तर चित्र निम्मे वाईट होई, नाहीसे होत नसे. छायेतल्या माणसाला आपल्या श्रमाने, आपल्या काठीने, आपल्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्यात थोडी भर घालता येई. अर्ध्या चित्रावर आपला हक्क आहे असे तो समजे, आणि ते त्याला मिळेही.

डिजिटल प्रक्षेपणात हे अर्धे चित्र नाही. त्यात चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि काही आकडे गहाळ झाले तर यंत्र बाकीच्यांवरून ते भरून काढते. एका मर्यादेपर्यंत चूक शून्य, चित्र काचेसारखे. ती मर्यादा ओलांडली, की चित्राचे चौकोन होतात, गोठतात, आणि पडदा काळा. तंत्रज्ञ याला कड्याची उपमा देतात. चाळीसगावच्या माणसाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू झाल्याचे जाहीर केले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद, इंदूर, भोपाळ अशा नावांच्या यादीत महाराष्ट्रातले मुंबईखेरीजचे एकच नाव होते, औरंगाबाद. पुणे नव्हते, नागपूर नव्हते. जाहिरातीचा भर असा, की मोबाइलला एक छोटासा जोड लावा आणि इंटरनेटशिवाय पाच वाहिन्या फुकट पाहा. चाळीसगावच्या दृष्टीने हा योग विलक्षण होता. देशातल्या सोळा दिव्यांपैकी एक डोंगराच्या बरोबर पलीकडे लागला होता, पंचेचाळीस किलोमीटरवर. परंतु नवे प्रक्षेपण अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लहरींवर होते. त्या धारेवरून जुन्या लहरींहून कमी वाकतात, म्हणजे छाया पूर्वीपेक्षा गडद. त्यात डिजिटलचा कडा. जुन्या संकेताच्या अर्ध्या-पाव अंशावर गुजराण करणाऱ्या गावांसाठी नव्या व्यवस्थेत पाव अंशाला किंमतच नव्हती. घाटमाथ्यावरच्या वस्तीला जे स्वच्छ दिसू शकते ते घाट उतरताच नाहीसे होईल, ही गोष्ट कागदावरच्या हिशेबानेही सांगता येत होती.

याला उपाय नव्हता असे नाही. ब्रिटनने २००७ ते २०१२ या काळात असाच बदल केला. सुरुवात केली ती व्हाइटहेवन या किनाऱ्यावरच्या एका लहान गावापासून, राजधानीपासून नव्हे. त्यांच्याकडे मुख्य मनोऱ्यांखेरीज डोंगराआडच्या दऱ्याखोऱ्यांसाठी, विशेषतः वेल्स आणि स्कॉटलंडात, हजारांहून अधिक लहान सहक्षेपक होते. त्यांनी तेही डिजिटल केले, कारण त्यांनी आधी एक नियम घालून घेतला होता: जुने चित्र जितक्या घरांत पोहोचत होते तितक्या घरांत नवे पोहोचले पाहिजे, साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत. देश लहान, पैसा अधिक, हे मान्य. पण नियम पैशाआधी करता येतो. आपल्याकडे सुमारे १४०० प्रक्षेपकांचे जाळे तयार होते, त्यांतले कितीतरी याच कामासाठी, म्हणजे छायेतल्या व दूरच्या गावांसाठी, उभे केलेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जानेवारी २०१७ मध्ये शिफारस केली ती अशी: आधी महानगरे, मग दहा लाखांवरची शहरे, आणि उरलेला देश शेवटी, डिसेंबर २०२३ पर्यंत. चाळीसगाव 'उरलेल्या देशात' मोडत होते.

तो शेवटचा टप्पा आलाच नाही. त्याऐवजी जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, आणि सामरिक महत्त्वाच्या सुमारे पन्नास जागा वगळता बाकीचे सारे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसारभारतीने ठरवले. कारणे दिली गेली ती खोटी नव्हती: यंत्रे कालबाह्य झाली, वीज आणि मनुष्यबळ खर्ची पडते, पाहणारे उरले नाहीत, लहरी इतर कामांसाठी मोकळ्या होतील. आम्हांला एवढेच दिसते, की नवा दिवा लावण्याच्या वेळापत्रकात जी गावे सर्वांत शेवटी होती, त्यांचा जुना दिवा नवा लागण्याआधीच विझला. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले आहे. त्या मालमत्तेतला जो अंश डोंगराच्या धारेवरून वाकून आमच्या गच्चीवर येत होता, त्याच्या जमाखर्चात त्याचा उल्लेख कोठे झाला नाही.

यावर एक सरळ उत्तर आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत उपग्रहसेवा सुरू झाली, तीच आजची फ्री डिश. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे भाडे नाही. मनोऱ्याने चाळीसगावला जे कधी दिले नाही ते, म्हणजे स्वच्छ मराठी चित्र, तिने दिले. घाटाच्या पायथ्याशी पाटणपर्यंतच्या वाड्या-तांड्यांतही ती तितकीच चालते. छायेचे गणितच तिने मोडीत काढले. मनोऱ्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्या लेखकांनी हे आधी कबूल करावे, आम्हीही करतो.

तरीही काही शिल्लक राहते. छत्रीत जे येते ते संपूर्ण देशावर एकाच वेळी पडते. तिच्यातून चाळीसगावपुरते काही सांगता येत नाही. गिरणेला पूर आला, घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर ते ज्या पट्ट्याला कळायला हवे तेवढ्याच पट्ट्याला उद्देशून बोलणे हे स्थानिक मनोऱ्याला शक्य असते. आपल्या मनोऱ्यांनी ते कधी केले नाही हे खरे; त्यांना तोंडच दिलेले नव्हते. म्हणून २०२२ साली आम्ही जे गमावले ते प्रत्यक्ष सेवा म्हणून थोडे होते. गमावली ती शक्यता. खेड्यातल्या खांबावर कधीतरी एक कॅमेरा जोडता आला असता, ती.

पीजचे काय झाले ते सांगायचे राहिले. खेडा प्रयोगाला १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ मध्ये तो प्रक्षेपक बंद करण्यात आला. लोकांनी विरोध केला, कारण त्यांनी त्या पडद्यावर स्वतःला पाहिले होते. खानदेशात प्रक्षेपक बंद झाले तेव्हा कोठे मोर्चा निघाल्याचे, निवेदन दिल्याचे आमच्या कानावर आले नाही. लोक उदासीन होते असे आम्ही म्हणणार नाही. दिल्लीचे आणि मुंबईचे चित्र दुसऱ्या वाटेने घरात येतच होते; त्या खांबावर त्यांचे स्वतःचे असे काही नव्हते, मग त्याच्यासाठी भांडायचे कशाला?

त्यांचे स्वतःचे दुसरीकडे तयार झाले. चाळीसगावच्या पश्चिमेला मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. तेथल्या हौशी चित्रपटांचे आणि खानदेशी विनोदाचे लोण पुढे सीडींवरून आणि मग मोबाइलवरून गावोगाव गेले. अहिराणी गाणी आज यूट्यूबवर लाखो वेळा पाहिली जातात. जी बोली कोणत्याही मनोऱ्यावर चढली नाही, तिने मनोऱ्याची वाटच पाहिली नाही. यातले पुष्कळसे सवंग आहे, काही उत्तम आहे, आणि ते पाहायला दरमहा डेटाचे पैसे मोजावे लागतात.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारकडून सांगण्यात आले, की इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर चित्र पोहोचवण्याच्या नव्या तंत्राच्या चाचण्या एकोणीस शहरांत होतील आणि त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवण्याचा विचार आहे. म्हणजे लहरी पुन्हा अर्ध्या मीटरच्या, आणि यादी पुन्हा शहरांची. आमच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या चार काड्या गेल्या पावसाळ्यात गळून पडल्या. उरलेल्यांवर सध्या वालाचा वेल चढवला आहे.